अहो, फराहबाग पाहिलीत का?

फराहबाग! नाव कानावरून गेलं असेल. माझ्याही गेलं होतं. आपल्या नगरच्या सोलापूर रस्त्यावरच्या रणगाडा संग्रहालयात आपण सगळे जातो, पाहुणे आले की त्यांना नेतो, मुलांना रणगाड्यापुढे उभं करून फोटो काढतो आणि घरी येतो. आणि त्या संग्रहालयाच्या जवळच, बाभळींच्या पलीकडे, एक अख्खा महाल उभा आहे! अख्खा! साडेचारशे वर्षांचा! आणि आत कोणी नाही! म्हणजे खरंच कोणी नाही!

आधीच सांगते, मी इतिहासाची अभ्यासक नाही. बँकेत काउंटरवर बसते. इतिहासाचं पुस्तक दहावीनंतर हातात धरलं नव्हतं. कमान इराणी की तुर्की, चुना कोणत्या प्रतीचा, हे मला विचारू नका, मला काहीही ठाऊक नाही. पण मी ते पाहिलंय आणि आता मला गप्प बसवत नाहीये! शेजारणीला सांगून झालं, बँकेतल्या सगळ्यांना सांगून झालं, पासबुक भरायला आलेल्या आजोबांनाही सांगितलं. आता तुमची पाळी. चला!

तर काय आहे तिथे? आधी एक मोठा खड्डा दिसतो. खड्डाच वाटतो. त्यात गवत, बाभळी, काटेरी झुडपं, मधूनमधून शेळ्या. आणि मग कळतं की हा खड्डा नाही, हे तळं आहे! तळं होतं! १८८४ च्या गॅझेटिअरात त्याची खोली सतरा फूट दिली आहे. सतरा फूट पाणी, आणि त्या पाण्याच्या बरोबर मधोमध हा महाल, चहूबाजूंनी फक्त लाटा, आणि आत जायला एक बांधीव वाट! आता पाणी नाही, पण वाट आहे. आपण त्याच वाटेने चालत जातो! माझी भाची बरोबर होती. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "मावशी, आपण आत्ता तळ्यावरून चाललोय." मला एकदम शहारा आला.

आणि मग महाल समोर येतो. आठ बाजूंचा! चौकोनी असेल असं वाटत होतं, पण नाही, आठ बाजू! या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण अडीचशे फूट. आणि दर्शनी बाजूला एवढ्या मोठ्या कमानी की मान मागे टाकूनही वरचं टोक नीट दिसत नाही. गिलावा ठिकठिकाणी गळून पडलाय आणि आतून दगड-मातीचा भराव दिसतो, आणि जिथे गिलावा उरलाय तिथे हात लावून बघा! (हळूच लावा.) गुळगुळीत! इतक्या पावसाळ्यांनंतर गुळगुळीत! कोनाडे आहेत, कोनाड्यांत आणखी लहान कोनाडे आहेत, त्यांच्या कडांना चुन्यातली नक्षी आहे. कोणी केली असेल ही? कोणाला दिसावी म्हणून एवढ्या उंचावर, एवढ्या बारीक? मी एका कोनाड्यापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. साधा कोनाडा हो!

मधल्या दालनात गेलात की बोलू नका. आधी फक्त उभे राहा. वर घुमट आहे, आणि घुमट इतका उंच की खाली आपण एकदम छोटे होतो. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत गार! पंखा नाही, काही नाही, गार! दुपारचं ऊन त्या जाड भिंती आत येऊ देत नाहीत, आणि समोरासमोरच्या कमानींतून वारा आरपार जातो, आणि मग विचार करा, त्या वाऱ्याच्या वाटेत तेव्हा सगळीकडे पाणी होतं! पाण्यावरून येणारा वारा! मे महिन्यात! नगरच्या मे महिन्यात! ज्याने हे योजलं त्याला नमस्कार.

आणि मग भाचीने टाळी वाजवली. आवाज वर गेला, फिरला, खाली आला. तिने परत वाजवली. मीही वाजवली. बाहेर शेळ्या राखणारे एक मामा बसले होते, ते म्हणाले, "वाजवा वाजवा, समदेच वाजवत्यात." मी विचारलं, "मामा, हे कोणी बांधलं?" ते म्हणाले, "येडा राजा व्हता म्हन्त्यात एक."

वेडा राजा! आता मला घरी कसं बसवणार? जिल्हा वाचनालयात गेले, मिळेल ते आणलं, रात्री जागून वाचलं. आणि त्यात जे निघालं ते सांगायलाच हा सगळा खटाटोप!

त्या राजाचं नाव मुर्तझा निजामशाह. आपलं शहर १४९४ मध्ये वसवणाऱ्या अहमद निजामशाहाचा हा पणतू. बाप हुसेन निजामशाह, म्हणजे १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाविरुद्ध लढलेला. त्याच वर्षी हुसेन वारला आणि मुर्तझा गादीवर आला. वयाने लहान, म्हणून कारभार आई पाहू लागली, खुंझा हुमायून. आणि ही बाई साधी नव्हती! ती स्वतः राज्य चालवत होती. काही वर्षं चाललं, आणि मग १५६९ च्या सुमाराला मुलाने तिला कैद केलं. आईला!

आणि ऐका, इथे माझ्या अंगावर काटाच आला. हुसेनशाहाच्या काळाचं एक काव्य आहे, 'तारीफ-ए-हुसेनशाही' नावाचं, आफताबी नावाच्या कवीचं. त्याचं चित्रांसकट हस्तलिखित आजही आहे, आणि कुठे? पुण्यात! भारत इतिहास संशोधक मंडळात! त्या चित्रांत राजा सिंहासनावर आणि शेजारी राणी, असं काढलं होतं. दख्खनच्या चित्रांत राजाच्या शेजारी राणी अशी उघड बसलेली म्हणजे किती मोठी गोष्ट! आणि आज ती चित्रं पाहिली तर कित्येक ठिकाणी राणीच्या जागी रंगाचा डाग आहे. तिला झाकून टाकलंय! अभ्यासक म्हणतात, ती सत्तेवरून गेल्यावर हे केलं गेलं. म्हणजे बाईला किल्ल्यात कोंडलं आणि कागदावरूनही काढलं! पण पूर्ण निघाली नाही ती. रंगाखाली तिची आकृती अजून कळते. मला हे कळलं आणि मी ते पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

पण थांबा, अजून तर काहीच झालं नाही!

मुर्तझाचा एक वजीर होता, चंगेझखान. मूळचा इराणी, हुशार, त्याच्याच जोरावर १५७४ मध्ये मुर्तझाने वऱ्हाड जिंकलं. आणि मग दरबारातल्या एका लाडक्याने राजाचे कान भरले, की हा वऱ्हाडात स्वतःचं राज्य मांडणार आहे. राजाने परीक्षा घेतली. म्हणाला, मला इथे कंटाळा आला, नगरला जाऊ या. चंगेझखान सरळ मनाने म्हणाला, मुलूख नवीन आहे, काही महिने इथेच राहावं. झालं! संशय पक्का! राजाने हकीमाच्या हातून विषाचा प्याला पाठवला. आणि चंगेझखानाने काय केलं? पळाला नाही. बंड केलं नाही. राजाला पत्र लिहिलं, आपण निष्ठावंत होतो एवढं सांगितलं, आणि प्याला प्यायला! प्यायला हो! मग राजाला कळलं की माणूस निर्दोष होता. आणि तिथून मुर्तझा जो खचला तो खचलाच. लोकांत येणं सोडलं, दरबार सोडला, कारभार दुसऱ्यांवर टाकला आणि बागांच्या आत जाऊन राहिला.

आता कळलं का फराहबाग काय आहे ते? मला जेव्हा हे समजलं तेव्हा मी मनातल्या मनात परत त्या वाटेवरून चालत गेले. सतरा फूट पाणी! एकच वाट! चारी बाजूंनी काय येतंय ते दिसावं असा महाल! मी तो उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी बांधलाय असं धरून चालले होते. गारव्यासाठी असेलही. पण ज्या माणसाने आपल्या हाताने आपला सगळ्यात खरा माणूस मारला आणि मग कोणाच्याही डोळ्याला डोळा द्यायला तयार नव्हता, त्याला पाण्याच्या मधोमध राहावंसं वाटलं तर नवल काय! हे माझं मत आहे. पुस्तकात लिहिलेलं नाही. पण तुम्ही त्या दालनात उभे राहा आणि मग मला सांगा.

आणि सांगतात की हा महाल एकदा बांधून झाला होता! चंगेझखानाच्या वेळी आखणी, पुढे न्यामतखानाने बांधला, आणि राजा बघायला आला तर त्याला आवडलाच नाही. पाडा म्हणाला! पाडला! आणि मग परत बांधला, आणि १५८३ मध्ये सलाबतखान नावाच्या वजिराच्या देखरेखीखाली पुरा झाला. सलाबतखान! हे नाव लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण जाणारच आहोत, डोंगर चढून!

हे सगळं मला सांगणारा माणूस कोण माहितीये? फरिश्ता! मोहम्मद कासिम फरिश्ता, ज्याच्या ग्रंथाशिवाय दख्खनचा इतिहास लिहिताच येत नाही तो! आणि तो इथे होता! आपल्या नगरात! लहानपणी बापाबरोबर इथे आला, कारण बापाला राजपुत्राला फारसी शिकवायला नेमलं होतं. फरिश्ता इथे वाढला आणि मोठा होऊन मुर्तझाच्या पहारेकऱ्यांवरचा अधिकारी झाला. म्हणजे बरंच काही डोळ्यांनी पाहून लिहिलंय! मी त्याला जाडजूड ग्रंथातला कोणी दूरचा म्हातारा समजत होते, आणि तो तर या गल्ल्यांतून पळणारा मुलगा निघाला!

फरिश्ता सांगतो, राजाची एक आवडती होती, तिला फत्तेशाह म्हणत. राजाने तिला दोन रत्नमाळा द्यायला सांगितल्या, आणि कोणत्या? विजयनगरच्या लुटीतल्या, खुद्द रामरायाच्या! सलाबतखानाला ते पाहवेना. राज्याची दौलत ती, अशी कशी द्यायची? त्याने त्या दडवल्या आणि दुसऱ्याच माळा पुढे केल्या. राजाला कळलं. राजा म्हणाला, खजिन्यातले सगळे दागिने माझ्यापुढे मांडा. सगळे! मांडले. त्यातही उत्तमातले लपवलेलेच होते. आणि मग राजाने ते सगळं गालिच्यासकट आगीत टाकलं! रत्नं, मोती, सोनं, सगळं आगीत! तो निघून गेल्यावर लोकांनी धावत जाऊन आग विझवली. रत्नं वाचली. मोती मात्र जळाले. आणि त्या दिवसापासून लोक त्याला दिवाणा म्हणू लागले.

म्हणजे शेळ्यावाले मामा बरोबर होते! साडेचारशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट मामांना कोणी सांगितली? कोणत्या पुस्तकात वाचली त्यांनी? कोणत्याच नाही! ती तिथे, त्या बाभळींत, तोंडातोंडी टिकून राहिली आहे!

याच फत्तेशाहबरोबर मुर्तझा वर्षानुवर्षं बुद्धिबळ खेळत बसायचा असं सांगतात, ते दुसऱ्या बागेत. हश्तबेहेश्त बाग, सावेडीच्या बाजूला. तिथेही पाण्यात आठ बाजूंचा महाल! तिथेही तळं कोरडं, भिंती मोडलेल्या, आणि आता चारी बाजूंनी वस्ती सरकत आलेली. मी सावेडीत राहते! सावेडीत! रोज भाजीला जाते त्या भागात माझ्या घरापासून काही अंतरावर एक राजा राज्य सोडून पट मांडून बसला होता, आणि मला पत्ताच नव्हता!

आणि या एवढ्या तळ्यांना पाणी कुठून? मला हा प्रश्न सुटेना. नगरला पाऊस तो केवढा! तर उत्तर जमिनीखाली आहे. शहराच्या भोवती, डोंगरांच्या पायथ्याशी विहिरी खणायच्या, कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा गावांकडे, आणि तिथून मातीच्या भाजलेल्या नळ्या एकीत एक बसवून, चुन्याने सांधून, जमिनीखालून शहरापर्यंत आणायच्या. खापरी नळ! पंप नाही, वीज नाही, फक्त उतार! वाटेत हवा कोंडू नये म्हणून जागोजागी उंच उभारे बांधायचे. कोणीतरी मैलोन्‌मैल चालून तो उतार मोजला असेल. कशाने मोजला? मला आमच्या घराच्या गच्चीचा उतार गवंड्याकडून नीट काढून घेता आला नाही हो! पावसात अजून तिथे पाणी साचतं.

आता राजाचा शेवट. मन घट्ट करा. मला सांगताना अजून त्रास होतो.

मुर्तझाला एकच मुलगा होता, मीरान हुसेन. राजाच्या डोक्यात बसलं की हा आपली गादी घेणार. त्याने मुलाला आपल्या शेजारच्या खोलीत निजवलं, अंथरुणाला आग लावली आणि दार लावून घेतलं. मुलगा कसाबसा वाचला आणि दौलताबादला गेला. आणि मग १५८८ मध्ये तो फौज घेऊन परत आला. बापाला त्याने हमामखान्यात कोंडलं, दारं-खिडक्या बंद केल्या आणि खाली जाळ पेटवला. राजा गुदमरून मेला. आगीला आग. बापाने जे केलं तेच मुलाने केलं, फक्त मुलाचं फसलं नाही.

त्या दिवशी पहाऱ्यावर कोण होतं? फरिश्ता! बाकीचे पळाले, तो उभा राहिला, आणि मारला जाणार तेवढ्यात मीरान हुसेनने त्याला ओळखलं. बरोबर शिकलेले दोघं! वर्गमित्र! "याला सोडा" म्हणाला आणि तो वाचला. वाचला म्हणून विजापूरला गेला, विजापूरला गेला म्हणून ग्रंथ लिहिला, ग्रंथ लिहिला म्हणून आज मी तुम्हाला हे सांगतेय! एका ओळखीमुळे! आणि मीरान हुसेन? जेमतेम दहा महिने राज्य केलं, १५८९ मध्ये तोही मारला गेला.

मी रडले. खरंच. चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या, स्वतःच्या लेकराला जाळायला निघालेल्या माणसासाठी मी का रडावं, मला सांगता येणार नाही. पण त्या दालनात उभं राहून आल्यावर तो नुसता पुस्तकातला राजा उरत नाही.

आणि सलाबतखान? चला, डोंगर चढू या! गाडी वरपर्यंत जाते, घाबरू नका.

पाथर्डी रस्त्याने शहराच्या बाहेर पडलात की पूर्वेच्या डोंगरावर एक एकटी उंच इमारत दिसते. सगळं नगर तिला चांदबीबीचा महाल म्हणतं. रिक्षावाल्याला विचारा, एसटीच्या कंडक्टरला विचारा, चांदबीबी महालच सांगणार. आणि चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही! ती सलाबतखानाची कबर आहे! मी जन्मापासून नगरची, शाळेची सहल तिथे गेलेली, डबे खाल्लेले, गाणी म्हटलेली, आणि आम्ही एका माणसाच्या कबरीपाशी बसलोय हे मला ठाऊकच नव्हतं!

हा सलाबतखान कसा होता? राजा बागेत, आणि राज्य याच्या हातात. फरिश्ता त्याचं मनापासून कौतुक करतो: रस्ते इतके सुरक्षित की व्यापारी निर्धास्त फिरत. भातोडीचा तलाव त्याच्याच काळचा. आणि मग एक दिवस राजाची मर्जी फिरली, राजाने निरोप पाठवला की तू कैदी आहेस. फौज सलाबतखानाच्या हातात होती! खजिना त्याच्या हातात होता! मनात आणलं असतं तर राजालाच उचलून किल्ल्यात टाकलं असतं! आणि त्याने काय विचारलं? कोणत्या किल्ल्यात जाऊ? एवढंच! आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायात बेडी घातली आणि दंडाराजपुरीला निघून गेला.

बघा, चंगेझखान प्याला प्यायला, सलाबतखानाने बेडी घातली. असल्या राजाला अशी माणसं! हे मला पटत नाही, आणि तरी त्या दोघांबद्दल मनात जे दाटून येतं ते थांबत नाही. भाचीचं मत अगदी वेगळं. ती म्हणाली, "मावशी, त्यांनी ऐकलं म्हणून तो तसा झाला." आम्ही त्या डोंगरावर उभ्या राहून भांडलो. दोघी भांडलो! निजामशाहीवरून! आमच्या घरात आजवर भांडणं झाली ती टीव्हीच्या रिमोटवरून.

सलाबतखान १५८९ मध्ये वारला आणि या डोंगरावर विसावला. इमारत आठ बाजूंची, तीन मजली, साधारण सत्तर फूट उंच. डोंगर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांवर. भोवती रुंद ओटा. नक्षी जवळजवळ नाहीच! फराहबागेतले ते बारीक कोनाडे आणि इथे नुसता दगड आणि कमानी, कमानींवर कमानी, त्यांवर पुन्हा कमानी! खाली तळघरात कबर. वर जायचा जिना भिंतीच्या जाडीतच आहे, अंधारा, अरुंद, एक हात भिंतीला लावून चढायचं, आणि मग एकदम कमानीत येतो आपण आणि वारा असा येतो की ओढणी धरावी लागते! आणि खाली सगळं नगर! सगळं! कोणता रस्ता कुठे जातो, किल्ला कुठे असेल, सावेडी कुठे, भाची बोट दाखवत होती आणि मी फराहबाग शोधत होते. ज्याने राजासाठी पाण्यात लपायची जागा पुरी केली, त्याने स्वतःसाठी जिल्हाभरातून दिसेल अशी जागा निवडली! लपण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, असं मला वाटतं.

भातोडी म्हटलं आणि पुढे गेले, पण नाही, थांबायलाच हवं! १६२४ मध्ये त्याच भातोडीला निजामशाहीच्या मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकत्र हरवलं, आणि हरवलं कशाने? सांगतात की तलावाचा बांध फोडून! शत्रूच्या छावणीत चिखलच चिखल! सलाबतखानाने साठवलेलं पाणी पस्तीस-चाळीस वर्षांनी त्याच राज्याच्या कामाला आलं! आणि त्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने कोण? शहाजीराजे! आणि त्यांचे भाऊ शरीफजी, जे तिथेच पडले. शिवाजी महाराजांचे सख्खे काका! इथे, आपल्या तालुक्यात! माझ्या ओळखीतल्या किती जणांना हे माहीत होतं म्हणून विचारून पाहिलं. भातोडीकडच्या एका खातेदाराला माहीत होतं. त्याने मला बँकेतच उभ्याउभ्या पाऊण लढाई सांगितली, मागे रांग वाढत गेली आणि रांगेतलेही ऐकत राहिले!

आणखी एक सांगते आणि मग सोडते तुम्हाला. बागरोजा! अहमद निजामशाहाची कबर, सीनेच्या काठाला, काळ्या दगडाची, आत कुराणातली वचनं. ती तर सुंदरच आहे, पण त्या आवारात आणखी एक कबर दाखवतात. हत्तीची! गुलामअली नावाच्या हत्तीची! तालिकोटला रामरायाला पकडून देणारा हत्ती तो हाच म्हणतात. राजांच्या शेजारी हत्ती! आणि मुर्तझाचं शवही आधी इथेच ठेवलं होतं, मग ते करबलाला नेलं. म्हणजे आपल्या नगरात त्याची कबरसुद्धा नाही. मुर्तझाचं जे काही उरलंय ते फराहबागेतच.

किल्ल्याबद्दल मी काही लिहीत नाही. चांदबीबीने १५९५-९६ च्या वेढ्यात तो कसा लढवला, १६०० मध्ये तिच्याच माणसांनी तिला फितूर समजून कसं मारलं, १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद तिथे कसे कैदेत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, त्याची काळजी घेतली जाते, त्याला पाहुणे येतात. मला काळजी आहे ती बाकीच्यांची. फराहबागेत पुरातत्त्व खात्याची पाटी आहे, आणि त्याच भिंतींवर बाण मारलेली बदामं आहेत, नावं आहेत, फोन नंबर आहेत, खिळ्याने कोरलेले! साडेचारशे वर्षं गुळगुळीत राहिलेल्या चुन्यावर! मी चिडून बोलायला लागले की मला आवरत नाही, म्हणून एवढंच.

शहाजहानने ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून घेतली असं नगरात अभिमानाने सांगतात. असेल किंवा नसेल, मला त्याची गरज वाटत नाही. ताजशिवायही फराहबाग फराहबागच आहे!

तर आता तुम्ही. नगरकर असाल तर या रविवारीच निघा. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत. पायात बूट घाला, गवतात काटे आहेत आणि पावसाळ्यात जनावरांचीही भीती असते. पिण्याचं पाणी बरोबर न्या, तिथे काही मिळत नाही. आधी फराहबाग, मग चांदबीबी महाल, हा क्रम मोडू नका. लहान मुलांना नक्की न्या, त्यांना टाळ्या वाजवू द्या, पण वरच्या मजल्यांवर त्यांचा हात सोडू नका, कठडे नाहीत. शिर्डीला किंवा शिंगणापूरला निघालेले पाहुणे असतील तर त्यांना अर्धा दिवस अडवून ठेवा, माझं नाव सांगा. पुण्याचे असाल तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन त्या झाकलेल्या राणीची चौकशी करा आणि आल्यावर मला सांगा, मी अजून तिला पाहिलेलं नाही. आणि कोणी भिंतीवर खिळा टेकवताना दिसला तर तिथल्या तिथे हटका. मोठ्याने हटका, घुमटाखाली आवाज चांगला घुमतो!